राजीनामा म्हणजे शिक्षा नव्हे!

लोकप्रतिनिधी सभागृहाच्या बाकावर किंवा सरकारी कचेरीत बसून पडद्यावर काय पाहतात, याविषयी पहिल्या पानावर लिहिण्याची पाळी कोणत्याही वृत्तपत्रावर येऊ नये. विषय ओंगळ आहे आणि ओंगळ विषयाला हात घातला की लिहिणाऱ्याची बोटेही थोडीफार माखतातच. शिवाय अशा लिखाणाला दोन प्रकारचे वाचक हमखास लाभतात. एक चवीने वाचणारे आणि दुसरे नाक मुरडून, पण शेवटपर्यंत वाचणारे! या दोघांची करमणूक करण्याचा आमचा मानस नाही. कोणाच्या अभिरुचीचा पंचनामाही आम्हांला करावयाचा नाही. आमचा प्रश्न साधा आणि रोकडा आहे. सरकारी यंत्रावर, सरकारी वेळात, सरकारी खुर्चीत बसून अश्लील चित्रे पाहणाऱ्या कारकुनावर खातेनिहाय चौकशी बसते, त्याचे निलंबन होते, त्याच्या सेवापुस्तकात नोंद होते आणि पेन्शनीपर्यंत ती नोंद त्याची पाठ सोडीत नाही. मग तेच कृत्य करणाऱ्या मंत्र्याच्या किंवा आमदाराच्या पाठीशी काय लागते? चार दिवसांची ओरड, एक राजीनामा आणि पुढे यथावकाश बढती, हेच उत्तर जर आपल्या लोकशाहीजवळ असेल, तर ते उघड्यावर मांडून तपासले पाहिजे.

शेजारच्या कर्नाटकाची हकिगत वाचकांना स्मरत असेल. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी बंगळूरच्या विधानसौधात विधानसभेचे कामकाज चालू असताना सत्ताधारी बाकांवरील दोन मंत्री एका मोबाइलच्या पडद्यात मान खुपसून बसलेले दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपले. पडद्यावर अश्लील चित्रफीत चालू होती. त्यांपैकी एक होते सहकारमंत्री लक्ष्मण सवदी. दुसरे सी. सी. पाटील, आणि या दुसऱ्या गृहस्थांकडे खाते कोणते, तर महिला व बालकल्याण! एखाद्या प्रहसनकाराने आपल्या पात्राला हे खाते बहाल केले असते, तर प्रेक्षकांनी त्याला भडकपणाचा दोष दिला असता. ज्यांचा तो मोबाइल असल्याचे सांगण्यात आले, ते तिसरे मंत्री कृष्ण पालेमार यांच्याकडे विज्ञान आणि तंत्रज्ञान हे खाते होते. त्यावर अधिक भाष्य करण्याची जरुरी नाही. सवदी यांनी खुलासा केला तो असा, की रेव्ह पार्ट्यांच्या दुष्परिणामांवर चर्चा व्हावयाची होती आणि त्यासाठी आपण माहिती घेत होतो. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके ज्यांच्या हातात क्वचितच उघडलेली दिसतात, त्यांना एकाएकी अभ्यासाचा असा उमाळा यावा, हे विधिमंडळाच्या इतिहासात नमूद करून ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ८ फेब्रुवारीस, तिन्ही मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि मुख्यमंत्री सदानंद गौडा यांनी ते पुढे पाठविले. आपण निर्दोष आहोत, केवळ पक्षाची अडचण होऊ नये म्हणून पायउतार होत आहोत, असा त्या राजीनाम्यांचा सूर होता. सभागृहाने चौकशी समिती नेमली. विरोधी पक्षांनी तीत बसण्याचे नाकारले. आणि अखेरीस कोणाचेही सदस्यत्व गेले नाही. देशभर या प्रकरणाची छी-थू झाली, तेव्हा अनेकांनी मोठ्या समाधानाने लिहिले की, लोकशाहीत उशिरा का होईना, पण लाज वाटते. त्या समाधानाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

सवदी हे अथणीचे. अथणी म्हणजे काही दूरदेश नव्हे. सांगली जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेला, उसाचा आणि कृष्णेच्या पाण्याचा हा तालुका आहे. तेथल्या चपला कोल्हापुरी म्हणून आपण पायांत घालतो. या अथणीने मे २०१३ मध्ये, म्हणजे त्या प्रकारानंतर सव्वा वर्षाने, सवदी यांना पुन्हा निवडून दिले. २०१८ साली ते पराभूत झाले. पण ऑगस्ट २०१९ मध्ये येडियुरप्पा यांचे मंत्रिमंडळ बनले तेव्हा दोन्ही सभागृहांपैकी कोठलेही सदस्यत्व नसताना त्यांना थेट उपमुख्यमंत्री करण्यात आले. सी. सी. पाटील यांनाही त्याच मंत्रिमंडळात स्थान मिळाले. टीका होऊ लागली तेव्हा खुद्द कायदामंत्र्यांनी बचाव केला तो हा, की अश्लील चित्रफीत पाहणे हा काही देशद्रोह नव्हे! देशद्रोहाहून कमी ते सारे क्षम्य, ही मंत्रिपदाची नवी पात्रता त्या दिवशी जाहीर झाली. आणि कोणी म्हणेल की हा एका पक्षाचा दोष आहे, तर तेही खरे नाही. २०२३ च्या निवडणुकीत भाजपने तिकीट नाकारताच सवदी काँग्रेसमध्ये गेले. २०१२ साली ज्या पक्षाने सभागृह डोक्यावर घेतले होते, त्याच पक्षाने त्यांना हार घातला, उमेदवारी दिली आणि ते अथणीतून भरघोस मतांनी निवडूनही आले. एका पक्षाने झाकले, दुसऱ्याने पुसले. २०१२ सालचा संताप नीतीचा होता की संधीचा, याचे उत्तर २०२३ साली मिळाले.

यावर हमखास पुढे केला जाणारा युक्तिवाद असा, की जनतेच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आहे. हा युक्तिवाद आम्हांला मुळीच मान्य नाही. अथणीचा शेतकरी मतदानाला निघतो तेव्हा त्याच्या डोक्यात उसाचा दर असतो, कालव्याचे पाणी असते, सोसायटीचे कर्ज असते, जातीपातीची गणिते असतात आणि आपले काम कोण करून देईल हा हिशोब असतो. सभागृहात अमक्याने अमके पाहिले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न मतपत्रिकेवर कधी छापलेला नव्हता. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर मतदाराच्या तोंडी घालणे ही लबाडी आहे. मतदार आमदार निवडतो. सभागृहाची शिस्त राखणे हे सभागृहाचे काम आहे आणि ते त्याने मतदाराच्या गळ्यात बांधता कामा नये.

मुळात चूक कोठे आहे? आपण या प्रकारांना शरमेच्या खात्यात टाकतो, शिस्तीच्या खात्यात टाकीत नाही. शरमेची मुदत थोडी असते. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र आठवडाभर वाहिन्यांवर फिरते, चव्हाट्यावर चर्चा होते, पुतळे जाळले जातात. मग दुसरे काही तरी घडते आणि लोक विसरतात. लोक विसरले की पक्षाला आठवण होते, की अरे, आपला एक कर्तबगार माणूस उगाच घरी बसला आहे! राजीनामा हा अशा वेळी सर्वांत सोयीचा कागद ठरतो. त्यात गुन्ह्याची कबुली नसते, मुदत लिहिलेली नसते, परतीच्या वाटेवर अट घातलेली नसते. उलट राजीनामा देणाऱ्याच्या अंगी त्यागाचे तेज येते ते वेगळेच. म्हणूनच आम्ही म्हणतो की राजीनामा ही शिक्षा नव्हे. ती पक्षाने आपल्या सोयीसाठी घेतलेली किरकोळ रजा आहे.

या सर्व प्रकरणांत आणखी एक मौज आढळते. पुढाऱ्यांच्या हातातली यंत्रे फार स्वयंभू असतात! मार्च २०२३ मध्ये त्रिपुराच्या विधानसभेत जादबलाल नाथ हे आमदार मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहताना दिसले, तेव्हा फोन आला आणि चित्र आपोआप सुरू झाले असे त्यांनी सांगितले. आपल्या महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत विरोधकांनी प्रसिद्ध केली. रमी अश्लील नाही हे मान्य, पण खुलासा त्याच जातीचा होता. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आपोआप आलेले घालवीत होतो! त्या महिन्याच्या अखेरीस त्यांच्याकडून कृषिखाते काढून घेण्यात आले आणि त्यांना देण्यात आले क्रीडा खाते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे प्रश्न ज्या राज्यात अधिवेशनामागून अधिवेशन लोंबकळत पडतात, तेथे सरकारने शिक्षा म्हणून असा विनोद करावा, यापेक्षा काही न करणे बरे होते.

इंग्लंडातले नील पॅरिश यांचे यंत्रही प्रथम असेच स्वयंभू निघाले. हे गृहस्थ शेतकरी; कॉमन्स सभेच्या शेती व पर्यावरणविषयक समितीचे अध्यक्ष. एप्रिल २०२२ मध्ये ते सभागृहातच मोबाइलवर अश्लील चित्रे पाहत असल्याचे शेजारी बसलेल्या स्त्री-सदस्यांनी पाहिले आणि पक्षाच्या बैठकीत ही तक्रार उघड झाली. पॅरिश म्हणाले, आपण ट्रॅक्टर शोधत होतो आणि तशाच नावाच्या भलत्या ठिकाणी पोचलो. परंतु पुढे त्यांनी जे केले ते मात्र आपल्याकडे क्वचितच घडते. पहिली वेळ चुकून घडली असली, तरी दुसऱ्या वेळी आपण जाणूनबुजून पाहिले, असे त्यांनी कबूल केले आणि खासदारकीच सोडली. तीनच महिने आधी ते चोवीस हजारांहून अधिक मताधिक्याच्या जागेवर निश्चिंत बसलेले होते. २३ जून २०२२ च्या पोटनिवडणुकीत टिव्हर्टन अँड होनिटनची ती जागा लिबरल डेमोक्रॅट पक्षाने सहा हजारांच्या वर मतांनी जिंकली. त्या निकालात पंतप्रधान जॉन्सन यांच्यावरील लोकांच्या रोषाचाही वाटा मोठा होता, हे सांगितले पाहिजे. तरीही एका माणसाच्या बेशिस्तीची किंमत त्याच्या पक्षाला एका जागेच्या रूपाने मोजावी लागली, हे वास्तव उरतेच.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे आमच्या म्हणण्याचा विपर्यास होणार नाही. सज्ञान माणसाने आपल्या घरी, आपल्या यंत्रावर, आपल्या वेळात काय पाहावे, यात सरकारने नाक खुपसू नये असेच आमचे मत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ वे कलम अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला आणि पाठविणाऱ्याला दोषी धरते. खाजगीत पाहणाऱ्या प्रौढाला ते धरीत नाही. जुलै २०१५ मध्ये अशी सारी संकेतस्थळे बंद करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा सरन्यायाधीश दत्तू यांनी चार भिंतींच्या आड सज्ञान माणसाने काय पाहावे हे आम्ही कसे ठरवावे, अशा आशयाचा सवाल केला होता. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने एका फटक्यात ८५७ संकेतस्थळांना टाळे ठोकले आणि चार-दोन दिवसांत आपले पाऊल मागेही घेतले. तेव्हा नीतीचे सोवळे नेसून दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांच्या पंक्तीला आम्हांला कोणी बसवू नये. त्या पंक्तीतले कित्येक जण सभागृहाच्या बाकांवर काय करीत बसतात, ते कॅमेऱ्याने दाखविलेच आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

परंतु कचेरी हे घर नव्हे. तेथले यंत्र करदात्याचे, वीज करदात्याची, वेळही करदात्याची. आणि तेथे आणखी माणसे काम करीत असतात. कागद घेऊन आत येणारी स्टेनो असते, चहाचा पेला ठेवणारा शिपाई असतो, शेजारच्या बाकावर निवडून आलेली स्त्री-सदस्य असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध संसदेनेच २०१३ साली कायदा केला. त्यात छळाची व्याख्या करताना अश्लील चित्रे दाखविणे हे कृत्य स्वच्छ शब्दांत नमूद केले आहे. पॅरिश यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या स्त्रियांना कोणी मुद्दाम ती चित्रे दाखविली नव्हती. परंतु आपल्या कामाच्या जागी, आपल्या मनाविरुद्ध, ती नजरेला पडावीत, हे त्यांनी सोसावे तरी का? सभागृह हे पवित्र मंदिर आहे अशी भाषा आपले पुढारी उठल्यासुटल्या करतात. मंदिर म्हणून राहू द्या. निदान तेथे काम करणाऱ्या स्त्रियांचे ते कामाचे ठिकाण आहे एवढे तरी त्यांनी मान्य करावे.

आणि शिस्तीने वागायचे ठरविले तर हे काम किती शांतपणे होऊ शकते, त्याचेही उदाहरण आहे. मार्च २०१५ मध्ये इंग्लंडात तीन न्यायाधीशांना पदावरून दूर करण्यात आले. चौथे आधीच राजीनामा देऊन मोकळे झाले होते. त्यांनी न्यायखात्याने दिलेल्या संगणक-खात्यावरून अश्लील चित्रे पाहिली, एवढाच आरोप होता. चित्रे बेकायदा नव्हती. कोणा अल्पवयीनाचा त्यांत संबंध नव्हता. कॅमेऱ्याने कोणाला पकडले नव्हते. सभागृहात गोंधळ झाला नव्हता. सरकारी खात्याचा हा अक्षम्य गैरवापर आहे, एवढ्या एका कारणावर न्यायदानाची त्यांची खुर्ची गेली. आपल्याकडेही महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ पासून लागू आहेत. कर्मचाऱ्याने नितांत सचोटीने आणि कर्तव्यनिष्ठेने वागावे, शासकीय सेवकाला अशोभनीय असे काही करू नये, हे त्यांत सांगितले आहे आणि त्याच आधारावर तलाठ्यापासून सचिवापर्यंत कोणालाही जाब विचारता येतो. सचिवाला जाब विचारता येतो. सचिव ज्याच्यापुढे फाइल ठेवतो त्याला मात्र विचारता येत नाही. हे कोडे आम्हांला अद्याप उलगडलेले नाही.

येथे इंग्लंडातल्याच आणखी एका प्रकरणाकडे थोडे सविस्तर पाहणे आम्ही अगत्याचे समजतो. कारण त्याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. डेमियन ग्रीन हे थेरेसा मे यांच्या मंत्रिमंडळातले पहिल्या क्रमांकाचे मंत्री, जवळजवळ उपपंतप्रधानच. नोव्हेंबर २००८ मध्ये, ते विरोधी पक्षात असताना, गृहखात्यातील कागदपत्रे फुटल्याच्या तपासात पोलिसांनी त्यांना अटक करून त्यांच्या संसदेतील कचेरीची झडती घेतली होती. कागद फोडल्याचा खटला पुढे उभाच राहिला नाही. पण त्यांच्या संगणकावर अश्लील चित्रे सापडली होती, ही गोष्ट तब्बल नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून वृत्तपत्रांत आली. चित्रे आपण उतरविली नाहीत की पाहिली नाहीत, असे ग्रीन यांनी म्हटले आणि अखेरपर्यंत ते त्यावर ठाम राहिले. चित्रे बेकायदा होती असेही कोणी म्हणत नव्हते. मग त्यांचे मंत्रिपद गेले कशाने? पोलिसांनी असे काही सापडल्याचे आपल्याला कधी सुचविलेच नाही, अशी विधाने त्यांनी केली होती. आणि सरकारी चौकशीत आढळले, की पोलिसांनी २००८ साली त्यांच्या वकिलांना आणि २०१३ साली खुद्द त्यांना फोनवर हे सांगितलेले होते. विधाने चुकीची आणि दिशाभूल करणारी ठरली, मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाला आणि २० डिसेंबर २०१७ रोजी पंतप्रधानांनी आपल्या विद्यार्थिदशेपासूनच्या या मित्राला राजीनामा देण्यास सांगितले. चित्रांनी जे केले नाही ते असत्याने केले.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की एका वेगळ्याच कारणासाठी विरोधी पक्षाच्या सभासदाच्या कचेरीत शिरलेल्या पोलिसांनी, तपासाशी काडीचा संबंध नसलेली माहिती मनात आणि वहीत जपून ठेवली आणि नऊ वर्षांनी ती चव्हाट्यावर आणली. लंडनच्या पोलीस आयुक्त क्रेसिडा डिक यांनीही आपल्या माजी अधिकाऱ्यांच्या या वर्तनाचा निषेध केला. निषेध योग्यच होता. आज एका मंत्र्याचे बिंग फुटले म्हणून ज्यांना आनंद झाला, त्यांनी विचार करावा, की उद्या तेच पोलीस सत्तेवर बसलेल्यांच्या इशाऱ्यावरून विरोधकांच्या संगणकांत डोकावू लागले तर? आपल्या देशात तर ही भीती कल्पनेतली म्हणता येणार नाही. म्हणून लोकप्रतिनिधीच्या यंत्राची तपासणी पोलिसांच्या हाती मुळीच असू नये. ती सभागृहाच्या स्वतःच्या, पक्षातीत यंत्रणेच्या हाती असावी, आणि ती कधी व कोणत्या कारणाने होईल हे आधीच लिहून ठेवलेले असावे.

ग्रीन यांच्या बाजूने बोलताना एका स्त्री-खासदाराने सांगून टाकले होते, की आपल्या संगणकाचा पासवर्ड आपल्या कचेरीतल्या सर्वांना ठाऊक असतो. अगदी शिकाऊ उमेदवारांनासुद्धा! तेव्हा यंत्रावर जे सापडले ते साहेबांनीच पाहिले कशावरून? हा बचाव अगदीच निराधार नाही. वेस्टमिन्स्टरच्या संसदेतील यंत्रांवरून २०१७ च्या जून-ऑक्टोबरात अश्लील संकेतस्थळांकडे जाण्याचे चोवीस हजारांवर प्रयत्न अडविले गेले, असा आकडा प्रसिद्ध झाला होता. त्यांत खासदार किती, कर्मचारी किती आणि नकळत घडलेले किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नव्हते. म्हणूनच पासवर्ड ज्याचा जबाबदारी त्याची, हा नियम आधी हवा. आपल्या संसदेला हे तत्त्व अपरिचित नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेच्या पोर्टलचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती दिल्याच्या आरोपावरून तिने एका विरोधी सदस्येला सभागृहाबाहेर काढले. त्या निर्णयाच्या निष्पक्षतेविषयी मतभेद आहेत आणि ते अकारण नाहीत. पण पासवर्डाची बेपर्वाई एका सदस्येच्या बाबतीत एवढी भयंकर ठरत असेल, तर ती पाचशे बेचाळिसांच्या बाबतीतही तितकीच ठरली पाहिजे. आणि त्याच यंत्रावर बसून केलेले बाकीचे उद्योग त्याहून सौम्य कसे म्हणावेत?

सभागृहाला आपल्या सदस्यावर कारवाई करण्याचा अधिकारच नाही, असे तर कोणी म्हणूच शकत नाही. १९५१ साली, पहिली सार्वत्रिक निवडणूकही झाली नव्हती तेव्हा, मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेकडून मोबदला घेऊन संसदेत तिची वकिली केल्याचा आरोप एच. जी. मुद्गल या सदस्यावर आला. ते पंतप्रधानांच्याच पक्षाचे होते. चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला तो स्वतः नेहरूंनी. निर्णय होण्याच्या बेतात असताना मुद्गल यांनी राजीनामा दिला. परंतु सभागृह तेवढ्यावर थांबले नाही. हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता, आणि ज्या भाषेत त्याने राजीनामा दिला त्याने दोष वाढलाच आहे, असा ठराव त्याने मंजूर करून नोंदवून ठेवला. राजीनाम्याची पळवाट बंद कशी करावी, हे त्या संसदेला, ती अवघी वर्ष-दीड वर्षाची असताना, कळत होते! पुढे डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना दोन्ही सभागृहांनी काढून टाकले आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार उचलून धरला. अधिकार आहे, पूर्वोदाहरणे आहेत. नाही ती इच्छा.

इच्छा नसते तेव्हा काय होते तेही पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये, सवदी उपमुख्यमंत्री असताना, कर्नाटक विधानसभेच्या अध्यक्षांनी खाजगी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना सभागृहात येण्यास बंदी केली. त्या बंदीची कारणे वेगळी सांगण्यात आली आणि २०१२ च्या प्रकाराशी तिची गाठ मारण्याचा पुरावा आमच्याजवळ नाही. पण ज्या सभागृहात कॅमेऱ्याने मंत्री पकडले, त्या सभागृहात सात वर्षांनी मंत्री आत आणि कॅमेरा बाहेर, हे चित्र कोणाच्याही नजरेतून सुटण्याजोगे नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने वाट न पाहता काही गोष्टी आताच लिहून काढाव्यात. सभागृहाने किंवा शासनाने दिलेल्या यंत्रावर आणि खात्यावर, तसेच कामकाज चालू असताना सभागृहात कोणाच्याही खाजगी यंत्रावर, अश्लील मजकूर पाहणे हा शिस्तभंग समजला जाईल, हे स्पष्ट शब्दांत यावे. चौकशी निवृत्त न्यायाधीशाने करावी. पक्षांच्या बळावर बसविलेल्या समितीने नव्हे. ती किती दिवसांत पुरी व्हावी हे ठरलेले असावे. आरोप खोटा निघाला तर तेही तितक्याच मोठ्याने सभागृहात वाचून दाखवावे, कारण खोट्या चित्रफिती बनविण्याची विद्या आता पोरासोरांना अवगत झाली आहे आणि तिचा बळी कोणीही होऊ शकतो. दोष सिद्ध झाल्यास निलंबनाची मुदत आणि मंत्रिपदावरील बंदीची मुदत लिहिलेली असावी आणि मधल्या काळात राजीनामा दिला म्हणून चौकशी थांबू नये. चौकशीत खोटे सांगणाऱ्याला दुप्पट शासन असावे. इंग्लंडात २०१५ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून अधिक बैठकींसाठी निलंबन झालेल्या खासदाराला मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांच्या सह्यांनी परत बोलाविता येते. तेवढा मोठा घास आपण आज घ्यावा असे आम्ही म्हणत नाही.

वृत्तपत्राने सभागृहाविषयी चार कडक शब्द लिहिले की हक्कभंगाची सूचना यावयास उशीर लागत नाही; संपादकाला बोलावून उभे करण्याइतकी सभागृहाची प्रतिष्ठा नाजूक असते. सभागृहात बसून जो ती प्रतिष्ठा मोबाइलच्या पडद्यावर लिलावाला काढतो, त्याच्यावर हक्कभंग आणण्याचे कोणा सदस्याला सुचले, असे आमच्या पाहण्यात नाही. वर सुचविलेल्या नियमांसाठी विधेयक लागत नाही, राज्यपालांची संमती लागत नाही, अर्थसंकल्पात एका रुपयाची तरतूद लागत नाही. विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती या दोघांनी आपापल्या नियम समितीची बैठक बोलाविणारे एकेक पत्र काढले की कामाला आरंभ होतो. येत्या अधिवेशनाचे पहिले आठ दिवस आम्ही त्या पत्राची वाट पाहू आणि ते निघाले की नाही, हे याच पानावर छापू.